आतलं पुसू नका

गेल्या मंगळवारी मी मोठ्या ऐटीत एक काम फत्ते केलं, आणि शुक्रवारपासून कुणाला तोंड दाखवावंसं वाटत नाहीये. मनात ठेवून जड झालंय, म्हणून तुम्हाला सांगतो...

सोमवारी, गिरणीचा सकाळचा भोंगा होऊन थोडा वेळ झाला असेल. मी स्टुडिओचं दार उघडतोय तोच गौराक्का आल्या, पदराखाली काहीतरी धरून. आमच्या सोलापुरातल्या जुन्या फोटोग्राफरच्या, आप्पांच्या, त्या पत्नी. आप्पांना जाऊन दोन वर्षं झाली.

पदराखाली आप्पांची विलायती लेन्स होती. जाडजूड, पितळी, माझ्या वयापेक्षा जुनी. पुढचं कडं आणि फोकसची नळी, दोन्ही अशी घट्ट बसलेली की हलायचं नाव नाही.

शुक्रवारी त्यांच्या लेकीचं, नागूचं, लग्न होतं. नवरीचा फोटो मी काढायचा, पण याच लेन्सनं, एवढंच त्यांचं मागणं. मी आपला सवयीनं विचारत सुटलो... कधीपासून अडकलीय, आप्पांनी शेवटची कधी उघडली होती, आत काही केलं होतं का?

"कडं तेवढं सैल करा, मास्तर. आतलं काय पुसू नका," त्या म्हणाल्या आणि डोळ्याला पदर लावला.

आता, मी पुण्यात शिकलेला असलो तरी इथं बारा वर्षं काढली आहेत. इकडं 'पुसणं' म्हणजे विचारणं, हे मला चांगलं ठाऊक आहे. नव्या माणसाला मीच ते समजावून सांगतो! म्हटलं, बाईंच्या मनात दुःख आहे, आतलं विचारू नये... गप्प बसलो. स्वतःच्या समजूतदारपणाचं जरा कौतुकही वाटलं.

मग कामाला लागलो. कड्याच्या आट्यांत घासलेटाचे थेंब सोडले आणि लेन्स दिवसभर तशीच ठेवली. पक्कड लावली असती तर पितळ चेपलं असतं.

मंगळवारी घासलेट पुसून आपलं वैशाखाचं ऊन कामाला लावलं. पितळ हाताला चटका देईल इतकं तापल्यावर कड्याला चामड्याचा पट्टा आवळला आणि थोडा थोडा पीळ देत गेलो. शेजारचे विणकर मल्लय्या बघत उभे होते, ते सारखे "मेल्लगा, मेल्लगा" म्हणत होते. त्यांच्या तेलुगूत म्हणजे हळू.

करकर झाली आणि कडं सुटलं! मागोमाग नळीही सरकायला लागली. मला इतका आनंद झाला की मल्लय्यांना बसवून चहा पाजला.

कडं निघाल्यावर पुढचं भिंग हातात आलं. आतल्या बाजूला, बरोबर मधोमध, कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा. जुना, पण रेघ न् रेघ दिसणारा.

मला वाईट वाटलं. आप्पांसारख्या चोख माणसाच्या लेन्समध्ये असला गबाळेपणा! गेलेल्या माणसाची लाज राखावी म्हणून स्पिरिट घेतलं आणि मऊ फडक्यानं पुसायला बसलो. ठसा सहज जात नव्हता... मीही हट्टी. चौथ्या खेपेला भिंग लख्ख झालं.

शुक्रवारी मुहूर्ताच्या आधी नागूला घेऊन गौराक्का स्टुडिओत आल्या. मी लेन्स त्यांच्या हातात दिली, नळी फिरवून दाखवली. त्यांनी ती दाराच्या उजेडाकडे धरली आणि कितीतरी वेळ आत बघत राहिल्या.

"ह्यांचा अंगठा कुटं गेला?"

नागूच्या जन्माचा निरोप आला तेव्हा आप्पा हीच लेन्स उघडून बसले होते म्हणे. घाईत अंगठा लागला, तसंच भिंग बसवून ते घराकडं पळाले. पुढं फोटोत चेहऱ्याभोवती जरा धुकं यायला लागलं, ते लोकांना आवडलं आणि आप्पांनी ठसा तसाच राहू दिला. ते धुकं म्हणजे आप्पांची कला, असं मीही आजवर समजत होतो.

"मांडवात बाप न्हाय," गौराक्का म्हणाल्या. "म्हनलं, लेकीच्या फोटुवर तरी त्यांचा हात ऱ्हाईल. म्हनून तर पुसू नका म्हनलं हुतं की, मास्तर..."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. उलट मलाच समजावत म्हणाल्या, "जाऊ द्या. मलाच नीट सांगाया पायजे हुतं."

नागूला राहवलं नाही. "अव्वा, मग तुजा अंगठा लाव की," ती आईला म्हणाली. मी धडपडत कडं सोडवलं आणि भिंग पुढं केलं.

गौराक्कांनी झटकन हात पदरात ओढून घेतले. "माजा नगं गं. मांडवातबी मी मागंच उभी ऱ्हानार हाय." विधवेचा हात नवरीच्या फोटोला नको, म्हणून. नागू रडायला लागली. तिचं तोंड पुसून, मुंडावळ्या सारख्या करून त्यांनीच तिला खुर्चीवर बसवलं, आणि स्वतः लांब भिंतीला जाऊन उभ्या राहिल्या.

कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली मला काही नीट दिसत नव्हतं. डोळेच भरून आले होते.

फोटो फार स्वच्छ आलाय. मण्यांच्या माळेतला मणी न् मणी मोजून घ्यावा. काल दुकानात आलेल्या दोघातिघांनी पाठ थोपटली, आणि मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते माझ्यासाठीच. "म्हणजे काय हो, अक्का?" एवढे चार शब्द तोंडातून निघायला हवे होते... जे विचारायचं ते मी विचारलं नाही, आणि पुसायचं नव्हतं ते चारदा पुसलं.