हनुवटी छातीला टेकते तेव्हा

आमच्या ओपीडीबाहेरच्या बाकावर सकाळपासून सगळ्यांच्या माना मोबाइलवर वाकलेल्या असतात. "काय ही माणसं, मान वर करायला तयार नाहीत," आमच्या सिस्टर वैतागतात. मला मात्र वाकलेली मान दिसली की बरं वाटतं. मेंदूच्या टीबीचे पेशंट बघण्यात माझी इतकी वर्षं गेली आहेत. मेंदूच्या आवरणाला सूज आली की मान लाकडासारखी ताठ होते, हनुवटी काही केल्या छातीला टेकत नाही. नुसती मान वाकणं ही केवढी चैन आहे, हे तेव्हा कळतं.

साड्यांना फॉल लावणाऱ्या रंजनाताईंना गेल्या वर्षी स्ट्रेचरवरून आणलं होतं. पंधरा दिवसांचा ताप, भयंकर डोकेदुखी, आणि नवऱ्यालाही ओळखत नव्हत्या. पाठीतून पाणी काढायचं म्हटल्यावर तो बिचारा घाबरला. "लुळी नाही ना पडणार ही?" नाही पडल्या. पाणी तपासलं, औषधं त्याच दिवशी सुरू केली. मग वर्षभर त्यांनी एक गोळी चुकवली नाही.

आज दारातून पाहिलं, तर त्या बाकावर मांडीवर हिरवी साडी घेऊन फॉल लावत बसल्या होत्या. दोरा दातांनी तोडायला वाकल्या आणि हनुवटी थेट छातीला! मी बघतच राहिले.

"डॉक्टर, माझा नंबर कधी? तपासायचं राहिलंय माझं," त्या म्हणाल्या.

"झालं की तपासून," मी म्हटलं. "तेवढी साडी पुरी करा."