रक्षकांच्या कापडाचं जाकीट

नदीकाठच्या उद्यानाचे रक्षक गणवेशाची मापं द्यायला शिंपीणबाईंच्या पुढच्या खोलीत यायचे. छातीभोवती टेप असला की माणसाला बोलल्याशिवाय राहवत नाही, हा बाईंचा अनुभव. कुणी पाणमांजरांच्या खोड्या सांगे, तर कुणी नदीच्या पाण्यात मुळांचे पाय रोवून उभ्या असलेल्या त्या दुर्मीळ झाडाचं कौतुक करी. ऐकता ऐकता बाईंचे केस पिकले, पण उद्यानात पाऊल काही पडलं नाही. यंदा गणवेश तयार येऊ लागले आणि खोलीतली वर्दळ थांबली. मग बाईंनीच ठरवलं, आता ते झाड आपल्या पायांनी जाऊन बघायचं.

मुलगा म्हणाला, "गुडघे बघ तुझे. मोबाईलवर दाखवतो झाड."

"तुझं लग्नही मोबाईलवरच बघायला हवं होतं मी," बाई म्हणाल्या आणि रविवारी सकाळी सुनेला घेऊन निघाल्या.

जायचं तर रुबाबात, म्हणून त्यांनी खास जाकीट शिवलं होतं. गणवेशाच्या हिरवट कापडाचे उरलेले तुकडे रक्षकांनीच "ठेवा मावशी" म्हणून दिले होते, ते कामी आले. नेमकी इथेच घोड्याने पेंड खाल्ली. फाटकावरच्या नव्या तिकीटवाल्याने हात आडवा केला.

"आजी, या रंगाचे कपडे घालून आत जाता येत नाही. लोक रक्षक समजून मागे येतात."

"माझ्या? माझी चाल बघितलीस का?"

"नियम आहे. जाकीट इथे काढून ठेवा."

"काढून ठेवायला काही चोरीचं घातलेलं नाही."

सून कानाशी कुजबुजली, "आई, चारचौघांत शोभा नको. परत जाऊ या."

बाईंनी तिच्या हातात पिशवी दिली. जाकीट उतरवलं, बाह्या आतून बाहेर ओढल्या आणि तेच जाकीट उलटं करून अंगात चढवलं. अस्तर लालभडक, फुलाफुलांचं. शिवण अशी बेमालूम की उलटं म्हणायची सोय नव्हती.

"आता सांग, कुठल्या रक्षकाचा असा गणवेश असतो?"

रांगेतले लोक हसले. तिकीटवाल्यालाही हसू आवरेना. त्याने हात खाली घेतला.

आतली वाट मुळांनी उंचसखल झालेली. गुडघे कुरकुरायला लागले. बाकावर टेकल्यावर सून म्हणाली, "इथून शेंडा दिसतोय की. बघून झालं समजा."

"तुला भाताचा वास दिला तर जेवण झालं समजशील?"

बाई उठल्या. सुनेचा खांदा धरून, मध्येच तो सोडून, थांबत थांबत काठापर्यंत पोचल्या. झाड समोर होतं. बाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मेल्या रक्षकांनी मला ढगळ माप सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "एवढं काही मोठं नाही."

तेवढ्यात मुळांच्या मधून एक ओलं, मिशाळ डोकं वर आलं. त्याने बाईंच्या फुलांकडे टक लावून पाहिलं आणि बुडी मारली. मागोमाग दुसरं डोकं आलं. सुनेने फोटो काढायला मोबाईल वर केला, तोवर पाणी मोकळं झालं.

"निघायचं का, आई? ऊन चढतंय."

बाईंनी काठावरच्या जाड मुळावरची धूळ पदराने झटकली आणि पाय लांब करून बसल्या.

"घाई असेल तर तू हो पुढे. मी आत्ता कुठे बघायला सुरुवात केलीय."