चाकाविना माठ

आमच्या कुंभारघरात चाक देवाचं. बाईनं त्याला शिवायचं नाही. किल्लारीच्या भूकंपात दगडी भिंतीखाली वडिलांचं उजवं मनगट चिरडलं, आम्ही लातूरला आलो, तरी हा नेम मोडला नाही. क्लासच्या पोरांनी शहर भरलं होतं. एकेका खोलीत चार-चार पोरं आणि प्रत्येक खोलीला माठ हवा. वडील निलंग्याहून दुसऱ्यांचे माठ आणून विकायचे. आमचं चाक पोत्याखाली झाकलेलं. मी एकुलती एक. त्या पोत्याकडे बघून मनात जळायची.

नांदेडच्या एका शिबिरात मी मातीचा सोऱ्या पाहिला. लोखंडी नळकांडं, वर लांब दांडा. दांडा दाबला की खालच्या भोकातून मातीची जाड वळी निघते. वळीवर वळी चढवत भांडं उभं करायचं. चाक लागतच नाही! लातुरात वेल्डरकडून तसाच एक करून घेतला आणि अंगणातल्या खांबाला ठोकला.

"कुरडया घालायलीस का?" म्हणत वडील पाठ फिरवून बसले. बसा, मी मनात म्हटलं, कुंभाराची सून कधीतरी उकिरड्यावर येईलच, तुम्हीही वळून बघालच.

घरच्या सवयीनं मी मातीत राखेबरोबर घोड्याची लीद मळली. चाकावर ती खपते. इथं लिदीतल्या काड्या भोकाशी अडकल्या आणि वळी फाटत बाहेर आली. चार दिवस तेच. रडकुंडीला आले, पण हट्टाला पेटले होते. पाचव्या दिवशी पाठमोरे वडीलच खेकसले, "लीद घालू नको. नुसती राख घाल, चाळून. अन् जोड नखानं खरवडल्याबिगर धरत न्हाई!"

भट्टीतून पहिला माठ निघाला. वडिलांनी डाव्या हातानं तो वाजवून बघितला, पाणी भरून दिवसभर ठेवला. फुटला नाही, गळला नाही. मला शाबासकी हवी होती, खोटं कशाला बोलू? ते पोत्याकडे बघत म्हणाले, "तुला चाकावर बसू दिलं असतं तर हे लई आधी झालं असतं."

माझा भडका उडाला. "मग का नाही दिलं? देव कोपला असता?"

"देवाचं काय न्हाई, पोरी. तू बसली असतीस, तर माझा हात गेला हे कबूल करावं लागलं असतं."

मला एकदम लाज वाटली. इतक्या वर्षांत दुखतं का, एवढंही मी त्यांना कधी विचारलं नव्हतं.