अण्णांची शिकार

हरभऱ्याला घाटे धरले की आमच्या श्रीगोंद्याकडच्या शेतात अण्णांचा शिकारीचा हंगाम सुरू व्हायचा. अण्णा म्हणजे माझे वडील. शिकार कसली! हरणाच्या केसालाही धक्का लावायला कायद्यानं बंदी, आणि अण्णांच्या जिवाला तर ते मुळीच झेपलं नसतं. पण मफलर बांधून, गोफण खांद्यावर टाकून ते राखणीच्या माळ्यावर चढायचे तो थाट जहागीरदाराचा. गोफणीतला दगड हरणांच्या बराच अलीकडे पडे. हरणं मान वर करून बघत, बांधापलीकडे जाऊन उभी राहत आणि अण्णा जेवायला उतरले की परत येत. संध्याकाळी आम्हाला पराक्रम ऐकावा लागे.

"व्हय," आई म्हणायची, "तुमच्या भ्यानं पार बांधापत्तूर गेली."

गेल्या वर्षी माळ्यावर चढताना त्यांचा पाय घसरला. लागलं फारसं नाही, पण संगमनेरला नोकरीवर बसून माझा जीव खालीवर. सुट्टी काढून गेलो, शेताभोवती तार ओढली आणि झटका मशीन बसवलं. तारेला अंग लागलं की हरणाला झटका बसतो आणि ते मागं फिरतं. एकही हरण आत येईना. माझी हुशारी मी फोन करकरून साऱ्या नातेवाइकांना ऐकवली.

अण्णा मात्र ओसरीला बसले. गोफण खुंटीला गेली, जेवण अर्ध्या भाकरीवर आलं. मी विचारलं तर म्हणाले, "मशीन करतंय की समदं." मला फार वाईट वाटलं. तरी मशीन काही काढलं नाही.

पुढच्या सुट्टीत शेतावर गेलो तर कडेच्या हरभऱ्याचे शेंडे खुडलेले, आणि माळ्यावर अण्णा! शिडी नवीकोरी, धरायला दोरही बांधलेला.

"तुजं मशीन बिघडलं!" ते वरून आनंदानं ओरडले. "पर म्या हाय!"

मी धावत जाऊन मशीन उघडलं. बिघाड काहीच नव्हता, बटण बंद होतं. चालू करायला हात घातला, तेवढ्यात भाकरी घेऊन आलेली आई मागून हळूच म्हणाली, "ऱ्हाऊ दे. शिडी मीच करून घेतली. बटन बी मीच बंद केलं."

"अगं, पण हरभरा?"

"खाऊ दे की थोडा. त्यो माणूस आता दोन भाकरी खातोय."

मी झाकण लावलं आणि माळ्याकडे बघून ओरडलो, "अण्णा, हे काय आता दुरुस्त व्हायचं न्हाई!"

"मला ठावंच हुतं!" म्हणत अण्णांनी गोफण फिरवली.