पोताऱ्यावर उमटलेली नळी

आमच्या घरातला नळ भिंतीच्या आतून आला होता. गल्लीत बाकीच्यांच्या भिंतींवर लोखंडी नळी उघडी दिसे. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ते आवडत नसे. घर बांधताना त्यांनी नळी विटांमध्ये बुजवून घेतली आणि वर मातीचा गिलावा चढवला. आल्यागेल्याला ते कौतुकानं विचारीत, "नळी कोठे शे, सांगा बरं?" कोणाला सांगता येत नसे. पुढे आम्हालाही येईना.

मी तेव्हा धुळ्याला कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. आमच्या घरातून माझ्याआधी कॉलेजात कोणी गेलं नव्हतं. आबांचं नंदुरबारच्या बाजारात बारदानाचं दुकान होतं. मिरचीच्या आणि शेंगांच्या व्यापाऱ्यांना ते रिकामी पोती विकत. जादा पोती घराच्या मागच्या खोलीत रचलेली असत, म्हणून एका एजंटाच्या सांगण्यावरून त्यांनी घराचा आगीचा विमा उतरवला होता. त्याचा इंग्रजी कागद मी डिक्शनरी घेऊन वाचला. घरातली पाण्याची नळी फुटून झालेलं नुकसानही त्यात धरलं होतं. पावसाची आणि जमिनीची ओल मात्र धरली नव्हती. एखादं वाक्य आपल्याला उलटंच लागलं असेल, अशी धास्ती मला होती, तरी मी ते आबांना समजावून सांगितलं.

चैत्रात सुट्टीला आलो तर मागच्या खोलीची भिंत फुगलेली होती. खालची पोती कुजली होती. बाहेर जमीन तडकत होती आणि आमची भिंत मात्र ओली. गवंडी म्हणाला की नळी कुठून गेली आहे ते कळल्याशिवाय हात घालता येणार नाही, नाहीतर सगळी भिंत उतरवावी लागेल. ज्यानं ती नळी बुजवली तो केव्हाच सुरतेला कामाला निघून गेला होता.

मी विमा कंपनीला लिहिलं. माणूस पाहायला येईल, तोवर भिंत तोडू नका, असं उत्तर आलं. आबांनी मला शांतपणे समोर बसवलं. कंपनीनं नुकसान मानलं तर ठीक. नाहीतर पावसाआधी भिंत नव्यानं बांधावी लागेल आणि मग जूनमध्ये मला धुळ्याला न जाता दुकानात बसावं लागेल. ते रागावून बोलले नाहीत, म्हणून मला ते जास्त लागलं. शेजारचे काका रोज ओट्यावरून विम्याची चेष्टा करीत विचारीत, "काय भाऊ, तुन्हा कागदलेबी वल लागनी का?"

विमा कंपनीचे साहेब आले ते नेमके आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी, सुरतेहून सकाळच्या गाडीनं. गुजराती गृहस्थ, हातात छत्री, स्वभावानं सौम्य. मी त्यांना मागच्या खोलीत नेलं आणि दारातच थबकलो.

मायनं भल्या पहाटे सगळी भिंत पांढऱ्या मातीनं पोतारून काढली होती. ओलीचे डाग, फुगवटा, पोपडे, सगळं एका गुळगुळीत करड्या थराखाली गेलं होतं. मी तिच्याकडे पाहिलं. ती सहज म्हणाली, "पाव्हनासले आशी भीत दखाडानी का? सन शे ना घरमा."

तिचं काही चुकलं नव्हतं. भिंत तोडायची नाही, एवढंच मी तिला सांगितलं होतं.

साहेबांनी भिंतीला बोट लावलं, ते मातीनं भरलं. म्हणाले, "भाई, यह तो पूरी दीवार गीली है. मैं क्या देखूँ?" मग आबांशी गुजरातीत बोलले. जुन्या घरांत जमिनीतून ओल चढते, त्याला कंपनी काही करू शकत नाही, आणि दुपारची गाडी आपल्याला पकडायची आहे, असा त्याचा अर्थ होता. आबा मान हलवत राहिले. व्यापाऱ्यांशी ते तासभर घासाघीस करत, पण साहेबाचं म्हणणं त्यांनी तसंच मान्य केलं.

माझी नजर भिंतीच्या वरच्या कोपऱ्याकडे गेली. तिथला पोतारा वाळायला लागला होता. करड्यातून पांढरा होत होता. वैशाखाची हवा ती. पातळ थर वाळायला कितीसा वेळ? सगळीकडचा वाळेल. जिथं आतून पाणी येतंय, तिथला वाळणार नाही.

एरवी मी चार वेळा विचार केला असता. त्या दिवशी बोललो. "साहेब, आत्ता पाहू नका. जेवून पाहा."

साहेब हसले. पण आखाजीच्या दिवशी आलेल्या पाहुण्याला उपाशी जाऊ द्यायला माय तयारच नव्हती. तिनं खापरावरची पुरणाची पोळी आणि आंब्याचा रस वाढला. त्या पोळीला घाई चालत नाही. रुमालाएवढी पोळी, घडी उलगडत खायची. साहेब नको नको म्हणत दुसरीही खाऊन गेले.

हात धुऊन आम्ही परत मागच्या खोलीत गेलो. भिंत पांढरीशुभ्र वाळली होती. तिच्यावर एक काळपट पट्टा उरला होता. मोरीच्या बाजूनं कमरेइतक्या उंचीवर तो सरळ आडवा आला होता, मध्यावर फुगीर होता आणि तिथून खाली पसरत गेला होता. दोन्ही कोपऱ्यांत जमिनीलगतची माती कोरडी होती.

मी म्हणालो, "जमिनीची ओल असती तर ती खालून, सगळ्या भिंतीला धरली असती. ही मधूनच निघालीय."

साहेबांनी गवंड्याला बोलावून घेतलं. फुगीर जागी चार विटा काढल्या, आणि आत सांध्यावर चिरलेली नळी घाम आल्यासारखी पाझरताना दिसली. साहेबांनी वाकून तो सांधा बोटानं चाचपून पाहिला. मग ओट्यावर बसून त्यांनी काय ते लिहिलं आणि आबांना सांगितलं की नुकसान कंपनीच्या कलमात बसतं. त्यांची दुपारची गाडी चुकली. माय म्हणाली, बरं झालं, रात्रीच्याला अजून पोळ्या आहेत.

मृगाच्या आधी कंपनीचे पैसे आले. भिंतीचा फुगलेला तुकडाच नवा बांधावा लागला. नवी नळी आबांनी मुद्दाम बाहेरून, सगळ्यांना दिसेल अशी घेतली. शेजारचे काका म्हणाले, "भीतले जानवं घालं का?" आबा हसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "जून लागना की निंघ. दुकान मी दखसू."