बागेतला तरोटा आणि आमचा धुरा

तण कशाला म्हणायचं आणि वनस्पती कशाला, हे मला सांगता येत नाही. घरातली पहिली पदवीधर मी, तीही वनस्पतिशास्त्राची! बाबांनी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, मारायला तणनाशक आणून ठेवलं होतं. बांधावरचं ते हिरवं जग जाळू नका, म्हणून मी मागे लागले होते. "तू शिकली नं? मंग हे गवत काऊन ठेवू, समजावून सांग मले," बाबा म्हणाले. मी अडखळले. रविवारनंतर फवारतो, म्हणाले.

उत्तर सापडेल म्हणून त्याच रविवारी आईला घेऊन वर्ध्याजवळची जुनी वनस्पती बाग पाहायला निघाले. कारंज्याहून सकाळची एसटी, आर्वीला गाडी बदलायची. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे आई खुशीत. आर्वीच्या स्टँडवर गरम आलूबोंडा नक्की खा. बाग फिरवून दाखवणाऱ्या मॅडमकडे आधी नाव द्यावं लागतं. पाणी सोबत न्या.

इंग्रजांच्या काळातली झाडं, खोडं कवेत मावत नाहीत. आई प्रत्येकाला हात लावून पाहत होती. औषधी वाफ्यांपाशी मॅडम बोलत असताना ती वाकली, सर्रकन एक रोप उपटलं आणि माती झटकून मागे फेकलं.

"अहो काकू, ते लावलेलं आहे!"

वाफ्यात नुसती पाटी उरली: तरोटा (टाकळा).

"हे मुद्दाम लावलं?" आई थक्क. "बाई, आमच्या वावरात या, पोतंभर न्या!"

सगळे हसले. आईचा चेहरा मात्र उतरला. "मी गेटपाशी बसतो वं," म्हणत ती निघालीच. मॅडमनी तिचा हात धरला. "कुठे चालल्या? तुम्ही उपटलं, आता तुम्हीच लावा."

आई मांडी घालून बसली. जन्मभर उपटलेलं झाड ती पहिल्यांदाच लावत होती. पाणी घालताना म्हणाली, "जगजो बाप्पा, नाई तं मले पुन्हा बोलावतीन." मग दिवसभर मॅडमच्या शेजारी तीच!

घरी आल्यावर तिने हे सारं इतकं रंगवून सांगितलं की बाबा पोट धरून हसले. पण लगेच म्हणाले, "हासनं ठीक हाय. गवत पिकात शिरलं तं निंदन कोन करन?"

समजावणं मला तेव्हाही जमलं नाही. "मी करीन," एवढंच म्हटलं.

बागेतली कितीतरी नावं आता विसरले आहे. वाफ्याशी बसलेली आई तेवढी डोळ्यांपुढून हलत नाही.

फवारणी झाली नाही. पिकाकडचा धुऱ्याचा सगळा काठ मी काल हाताने निंदून टाकला. पलीकडचा तरोटा तसाच उभा ठेवला.