चहाबरोबर गेलेला आशीर्वाद

माझी मावशी आमच्या मंडळीची पाळक नव्हती. रविवारचा उपदेश ती करायची, आजाऱ्यांच्या उशाशी ती बसायची, मयताच्या घरी सगळ्यांत आधी ती पोचायची, आणि चर्चचं छत गळलं की बादलीही तीच लावायची. पण पाळक नव्हती. पाळक व्हायला दीक्षा लागते, दीक्षेला पंचांची शिफारस लागते आणि शिफारशीला, बहुधा, मिशा लागतात.

दीक्षा झालेले पाळकसाहेब म्हणजे तिच्याच वह्यांवर धर्मशास्त्र पास झालेला तिचा वर्गमित्र. ते महिन्यातून एकदा यायचे, प्रभुभोजनात सगळ्यांना वाटायच्या पावावर हात ठेवून प्रार्थना करायचे आणि जायचे. तेवढं एक काम दीक्षेशिवाय करता येत नाही. बाकी सगळं येतं, कारण त्यात कष्ट आहेत.

मग साहेबांची कंबर धरली. प्रवास बंद झाला, प्रभुभोजन अडलं. मावशीने पुन्हा दीक्षेचा विषय काढला. पंचांचे अध्यक्ष तिचे धाकटे दीर.

"वहिनी, तुमची योग्यता कोण नाकारतंय? पण लोक काय म्हणतील?"

"विचारलंत लोकांना?"

"कशाला विचारायचं? उगाच काहीतरी सांगून बसतील."

पंचांनी तोडगा काढला. टोपलीभर पाव साहेबांच्या घरी नेला, त्यांनी पलंगावर पडल्या पडल्या प्रार्थना केली आणि पाव चर्चच्या फ्रीजमध्ये येऊन पडला. मावशीने तो फक्त वाटायचा. वाटायला हरकत नव्हती. वाढणं हे बाईचंच काम.

शनिवारी पंचांची बैठक झाली. विषय होता, तोडगा किती छान निघाला. चहा झाला, भूक लागली, फ्रीज उघडला गेला.

रविवारी सकाळी मावशीला फ्रीजमध्ये चुरा आणि लोण्याची सुरी मिळाली. भाऊजी धापा टाकत बेकरीतून नवा पाव घेऊन आले.

"हा ठेवा, वहिनी. कोणाला कळतंय?"

"म्हणजे प्रार्थनेने काही फरक पडत नाही?"

"तसं नाही हो..."

"मग लोकांना सांगते."

आणि तिने सांगितलं. "आज पाव आहे, पण त्यावर प्रार्थना झालेली नाही. झालेला पंचांनी काल चहाबरोबर संपवला."

मागच्या बाकावरची शिंपीणआजी म्हणाली, "मग तू कर की प्रार्थना."

"मला अधिकार नाही, आजी. पंच शिफारस करत नाहीत."

"का रे, अध्यक्षा?"

सगळी मंडळी वळून भाऊजींकडे पाहू लागली. त्यांनी रुमाल काढला. "विचार चालू आहे."

"कर विचार. आम्ही बसलोय."

कोणी उठलं नाही. पंच मागच्या खोलीत गेले आणि वर्षानुवर्षं न सुटलेला धर्मशास्त्राचा तो गहन प्रश्न भाऊजींच्या कपाळावरचा घाम वाळायच्या आत सुटला. शिफारस झाली, तीही एकमताने. त्या दिवशी प्रभुभोजन झालंच नाही. दीक्षा अजून व्हायची होती, म्हणून मावशीने पावाला हात लावला नाही. नियम म्हणजे नियम.

दीक्षेला मंजुरी देणाऱ्या वरच्या धर्मसभेने नकारासाठी कारण वर्षभर शोधलं. सापडलं नाही.

दीक्षेच्या दिवशी मावशी गुडघे टेकून बसली. तिच्या डोक्यावर हात ठेवायला पाळकसाहेब कंबरेला पट्टा बांधून आले होते. पहिल्या बाकावर भाऊजी शेजाऱ्याला हळूच सांगत होते, "वहिनींना पुढे आणायची कल्पना तशी माझीच."